शिरगणती आणि अंतःकरण : खानदेशच्या धर्मेतिहासाचें एक पान

धर्मग्रामाचा ज्युबिली-उत्सव आला म्हणजे मागील वर्षांचा ताळेबंद मांडावा, अशी इच्छा सर्वांनाच होते, आणि ती योग्यच आहे. किती बालकांचा स्नानसंस्कार झाला, किती जोडपीं वेदीपुढें विवाहबद्ध झालीं, किती मुलांनीं प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं व धर्मभगिनींनीं येथें सेवा केली, हें सारें नोंदवह्यांत शाईनें लिहिलेलें असतें. परंतु एक गोष्ट कोणत्याही वहींत लिहितां येत नाहीं. नोंदलेल्या प्रत्येक नांवामागें जें अंतःकरण असतें, तें देवाकडे कोणत्या वाटेनें आलें, वाटेंत कोठें थबकलें, काय मागें टाकलें व काय बरोबर आणलें, याचा रकाना वहींत नसतो. त्या न लिहिल्या गेलेल्या गोष्टीविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटलें. आणि त्यासाठीं आपण ज्या भूमींत राहतों त्या खानदेशच्या इतिहासाहून चांगला गुरु आम्हांस दिसला नाहीं.

खानदेश म्हणजे तापीचें खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस गुजराथेकडे उतरणारे घाट. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले; पुढें तेच जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेंत उतरणारा आणि बऱ्हाणपुराहून सुरतेकडे जाणारा जुना व्यापारी मार्ग याच खोऱ्यांतून गेला असल्यामुळें येथें नाना प्रकारचे लोक आले व राहिले. चाळीसगांवच्या दक्षिणेस डोंगरांत पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं ख्रिस्तपूर्व काळापासून आहेत. त्याच परिसरांतील पाटणें येथें भास्कराचार्यांच्या नातवानें ज्योतिषाच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. फारुकी सुलतानांनीं १३८२ पासून १६०१ पर्यंत थाळनेर व बऱ्हाणपूर येथून राज्य केलें, आणि बऱ्हाणपूर हें नांवच त्यांनीं सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या स्मरणार्थ ठेविलें. अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिल्ली, पावरी, मारवाडी, उर्दू इतक्या बोली एका बाजारांत ऐकूं येतात, त्या भूमींत श्रद्धेचा स्वर एकच कसा असेल?

तापी व पूर्णा या नद्यांच्या संगमावर चांगदेव नांवाचें गांव आहे, व जवळच मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचें एदलाबाद. वारकरी परंपरा सांगते कीं, ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताबाई तापीतीरीं मेहूण येथें १२९७ सालीं विजेच्या कडकडाटांत अंतर्धान पावली. आजही आषाढींत तिची पालखी येथून निघून दूरच्या पंढरपुरास जाते. चांगदेव हा मोठा योगी, सिद्धींचा धनी व वयानें वृद्ध. मुक्ताबाई तर केवळ बालिका. तरीही त्या वृद्धानें त्या मुलीस गुरु मानलें, असें परंपरा मोठ्या अभिमानानें सांगते. या कथेंतील चमत्कारांचा भाग बाजूस ठेवला तरी तिचा अर्थ राहतोच. एकाच संप्रदायाच्या छायेखालीं योगाची कठोर वाट व भक्तीची सोपी वाट अशा दोन्ही वाटा होत्या, आणि एका वाटेवरच्या माणसानें दुसऱ्या वाटेवरच्यापाशीं शिकण्यांत कमीपणा मानला नाहीं.

याच काळांत सर्वज्ञ श्रीचक्रधरांचा महानुभाव पंथ या भागांत आला, आणि भडगांव तालुक्यांतील कनाशीसारखीं स्थानें त्या पंथाचे अनुयायी आजही पवित्र मानतात. महानुभाव एका परमेश्वरावांचून अन्य देवतांची उपासना करीत नाहीं. त्याच्या शेजारींच श्रावणांत नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारीं कानबाईची स्थापना होते, गव्हाच्या पिठाचे रोट भाजले जातात, आणि सोमवारीं कानबाईस नदीवर पोंचविण्यांत येतें. हे रोट भाऊबंदांनींच खावयाचे, बाहेरच्यास द्यावयाचे नाहींत, असा जुना दंडक आहे. चैत्रीस याच घरांतील कोणी सप्तशृंगीच्या गडावर पायीं जातो, तर कोणी आषाढींत दिंडीबरोबर चालतो. दंडक असा कुळाचा असला तरी मनाची ओढ ज्याची त्याची निराळी असते. आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या व जळगांवीं संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनीं जात्यावर व शेतांत ज्या ओव्या रचल्या, त्या १९५२ सालीं, त्यांच्या निधनानंतर, छापून निघाल्या तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास कळलें कीं, एका शेतकरी स्त्रीच्या मनांत देवाविषयीं किती स्वतंत्र व किती खोल विचार चालत असतो. तिच्या शेजारणीही तेंच जातें ओढीत होत्या. प्रत्येकीचें मन मात्र तिचें तिचें होतें.

आतां ज्यांना कोणत्या नांवाच्या रकान्यांत घालावें, हा प्रश्न सरकारी कारकुनासही पडला, अशा समाजांकडे वळूं. यावल तालुक्यांतील फैजपूर येथें सत्पंथाची जुनी गादी आहे. या पंथाचा उगम अहमदाबादेजवळील पिराणा येथील इमामशाह यांच्या पंधराव्या शतकांतील उपदेशांत आहे. त्यांत दशावताराची कल्पना व पीरांची परंपरा यांची सांगड घातलेली होती, आणि गुजराथेंतील व खानदेशांतील कित्येक कुणबी पाटीदार घराण्यांनीं तो स्वीकारला. पुढें त्यांतील हिंदु वळण बळावत गेलें, व आज फैजपूरची गादी हिंदु संतपरंपरेंतील म्हणूनच ओळखली जाते. याच्या उलट, सातपुड्याच्या पायथ्याशीं यावल, रावेर, चोपडा या भागांत राहणारे तडवी भिल्ल धर्मानें मुसलमान आहेत. तथापि त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते, व डोंगरांतील जुन्या चालीरीतींशीं त्यांचें नातें तुटलेलें नाहीं. १९११ सालच्या खानेसुमारींत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनीं दोन्हीं परंपरा पाळणाऱ्या कांहीं समाजांसाठीं, विशेषतः गुजराथेंतील, 'हिंदु-मुसलमान' असा वेगळा वर्ग मांडून पाहिला. तो हिंदुस्थान सरकारच्या खानेसुमारी-प्रमुखांस पसंत पडला नाहीं. माणसानें एकाच रकान्यांत बसावें, असा कागदाचा आग्रह असतो. पिढ्यान् पिढ्या दोन उंबऱ्यांमध्यें जगलेल्या कुटुंबांना मात्र आपण कांहीं विचित्र करतों आहों, असें कधीं वाटलें नव्हतें.

सातपुड्याच्या आंत गेलें तर आणखी एक पान उघडतें. भिल्ल व पावरा बांधवांचे वाघदेव, याहामोगी माता, धान्याची देवी कणसरी, हीं दैवतें रान, पाऊस व पीक यांच्याशीं बांधलेलीं आहेत. या श्रद्धेस ग्रंथ नाहीं. ती गाण्यांत व विधींत जिवंत आहे. पण डोंगरांतील श्रद्धा कधींच बदलत नाहीं, असें समजणें मोठें अज्ञान होय. १९२२ सालीं दक्षिण गुजराथेंत व लगतच्या खानदेशांत एका देवीचा संदेश गांवोगांव फिरला : दारू सोडा, रोज स्नान करा, स्वच्छ राहा. त्यानंतर १९३७-३८ च्या सुमारास तळोदें भागांतील मोरवड येथें गुला महाराज यांच्याभोवतीं हजारों भिल्ल जमूं लागले. आरती, सदाचार व मद्यत्याग हा त्यांचा उपदेश. त्यास लोक 'आप' धर्म म्हणूं लागले. १९३८ सालीं गुला महाराज निवर्तल्यावर त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें. कांहीं पाड्यांनीं हा नवा मार्ग धरला, कांहींनीं जुनेच देव ठेविले, कांहीं घरांत दोन्हीं नांदलीं. पुढें ख्रिस्ती धर्मसेवक या डोंगरांत आले, तेव्हां त्यांना भेटलेली माणसें अशीं होतीं. त्यांच्या मनाची पाटी कोरी नव्हती; त्यांनीं आधींच देवाविषयीं पुष्कळ विचार केला होता, व पुष्कळ निवडही केली होती.

डोंगरांतून उतरून बोरी नदीच्या कांठीं अमळनेरास यावें. येथें संत सखाराम महाराजांचें संस्थान आहे. वैशाखांत नदीच्या वाळवंटांत त्यांची यात्रा भरते व रथ निघतो. याच गांवांत श्रीमंत प्रतापशेट यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें, व देशोदेशींचे पंडित वेदान्तावर वाद करण्यासाठीं एका लहान गिरणीगांवांत येऊं लागले. आणि याच गांवांतील प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी मुलांस शिकवीत होते व वसतिगृहांत त्यांची आईप्रमाणें सेवा करीत होते. यात्रेंतील वारकऱ्याचा देव टाळ-मृदंगाच्या घोषांत होता. तत्त्वज्ञान मंदिरांतील पंडिताचें ब्रह्म निर्गुण होतें. साने गुरुजींचा देव आजारी विद्यार्थ्याच्या उशाशीं बसलेला होता. तिघेही एकाच समाजाचे, तिघांचाही धर्म खानेसुमारींत एकाच शब्दानें लिहिला जाणारा. तरी एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या ओंठांवर सहजासहजीं बसली नसती.

पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे यांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक याप्रमाणें गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनें केलीं, आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. ऐकणारे सारे सत्याग्रही बंदी. पण प्रत्येकाची श्रद्धा निराळी. विनोबांची वृत्ति ज्ञान्याची, गुरुजींची भावनाशील भक्ताची. या दोघांच्या पुढील आयुष्याकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. विनोबांनीं कुराणाचें सार काढलें, ख्रिस्ती धर्मग्रंथाचेंही सार काढलें; गुरुजींनीं इस्लामी संस्कृतीवर ग्रंथ लिहिला, व १९४७ सालीं पंढरपुरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. स्वतःच्या श्रद्धेंत ज्याचें मूळ खोल गेलें आहे, त्यास दुसऱ्याच्या श्रद्धेचें भय वाटत नाहीं, हें धुळ्याच्या त्या दगडी भिंतींनीं पाहिलें आहे.

एका घरांत दोन श्रद्धा राहूं शकतात काय, या प्रश्नाचें उत्तर मराठी ख्रिस्ती इतिहासांतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हां ख्रिस्ती झाल्या नाहींत. सुमारें पांच वर्षांनीं, स्वतःच्या मनाचा निर्णय झाल्यावरच, त्यांनीं तें पाऊल टाकलें. त्या वर्षांतील वियोग, सोंवळें-ओंवळें, रडणें, आणि हळूहळू विरघळलेली भीति यांचें वर्णन त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत ज्या प्रांजळपणानें केलें आहे, तो मराठी भाषेचा अलंकार होय. १९०७ सालीं जळगांवास पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. त्यांत धरणगांवांत जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा किशोर 'बालकवि' म्हणून गाजला. पुढें हा ब्राह्मण मुलगा नगरास टिळकांच्या घरीं राहिला व त्यांच्या मायेंत वाढला. त्यासाठीं त्यास आपला धर्म बदलावा लागला नाहीं. बालकवि ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली येथें आगगाडीच्या अपघातांत वारले. टिळकांनीं त्यापूर्वीं १९१७ सालीं 'देवाचा दरबार' स्थापिला होता, व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्हीं प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. टिळक कॅथॉलिक नव्हते, आणि त्यांच्या दरबाराची धर्मशास्त्रीय घडण आपण जशीच्या तशी स्वीकारूं शकत नाहीं. परंतु येशूवर प्रेम करणारे कित्येक जण नोंदवहीच्या दाराबाहेर उभे असतात, हें त्यांनीं ओळखलें, त्याबद्दल त्यांस मान दिलाच पाहिजे.

आतां आपल्या स्वतःच्या घराकडे पाहूं. १८६० नंतरच्या दशकांत जी. आय. पी. रेल्वे भुसावळास पोंचली, आणि त्या जंक्शनाबरोबर कॅथॉलिक श्रद्धाही खानदेशांत स्थिरावली : गोव्याचे, मुंबईचे ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन असे रेल्वे नोकर, त्यांचीं कुटुंबें व त्यांची मिस्सा. नगर जिल्ह्यांत जर्मन येशूसंघीयांनीं पेरलेल्या बीजाचें फळ म्हणून कित्येक मराठी कुटुंबें नोकरी-धंद्यानिमित्त इकडे आलीं. सातपुड्यांतील आदिवासी बांधव आले. केरळांतून धर्मभगिनी शाळा व दवाखाने घेऊन आल्या. १५ मे १९८७ रोजीं नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, बिशप थॉमस भालेराव त्याचे पहिले महागुरु झाले, व खानदेश त्यांच्या छत्राखालीं आला. एका वेदीभोवतीं जमणाऱ्या या माणसांची भक्ति एकसारखी आहे काय? कोणाच्या घरीं संत फ्रान्सिस झेवियरची तसबीर व कोंकणी लदाइन. कोणाच्या घरीं टाळ-पेटीवर मराठी भजन. कोणी हरेगांवच्या मतमाउलीचा नवस फेडतो, कोणी नाशिकरोडच्या बाळ येशूपुढें मेणबत्ती लावतो. कोणी मोठ्यानें स्तुति करतो, तर कोणी जपमाळ हातांत धरून गप्प बसून राहतो. फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध केलेलें ख्रिस्तपुराण ओवींत रचलें, कारण नवख्रिस्तीयांचे कान पुराणश्रवणास सरावलेले होते. ते कान घराबाहेर ठेवून देवळांत या, असें त्या थोर धर्मगुरूनें त्यांस सांगितलें नाहीं.

याहून नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. आपल्यांत असे आहेत कीं, ज्यांची श्रद्धा पर्वतासारखी अचल आहे. आणि असेही आहेत कीं, जे दर रविवारीं येतात, पण ज्यांच्या मनांत शंका घर करून बसली आहे. कोणा सुनेस माहेरच्या कानबाईची श्रावणांत आठवण येते व ती ती कोणास सांगत नाहीं. कोणी तरुण शिक्षणास पुण्यास जातो, व परत आल्यावर प्रार्थनेच्या वेळीं बाहेर अंगणांत उभा राहतो. कोणी शेजारी स्नानसंस्कार न घेतां वर्षानुवर्षें मागच्या बाकावर बसतो. यांस आपण कोणत्या शब्दानें हांक मारावी? शुभवर्तमान उघडावें. निकदेम रात्रीच्या अंधारांत प्रभूकडे आला, आणि प्रभूनें त्यास दिवसा ये म्हणून परत पाठविलें नाहीं. थोमानें घाव पाहिल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें म्हटलें. आठ दिवसांनीं प्रभूनें त्यास घावच दाखविले. रोमी शताधिपति इस्राएल लोकांपैकीं नव्हता, कनानी स्त्रीही नव्हती. दोघांच्याही श्रद्धेची प्रभूनें चारचौघांत वाखाणणी केली. ज्यांना आपण अर्धवट समजतों, त्यांना प्रभूनें कधीं दारांतून हाकललें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, तर मग सर्व मतें सारखींच, कोणी कांहींही मानावें! पवित्र ख्रिस्तसभेचें तसें शिकवणें नाहीं, आणि आमचेंही म्हणणें तसें नाहीं. सत्य एक आहे, व तें ख्रिस्ताच्या ठायीं प्रकट झालें, हा आपला विश्वास आहे. परंतु त्या सत्याकडे येणारें पाऊल मोकळें असलें पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं अन्य धर्मांविषयींच्या घोषणेंत त्यांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करावयास सांगितलें, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजीं धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेंत कोणावरही श्रद्धेच्या बाबतींत जबरदस्ती होतां कामा नये, असें स्पष्ट केलें. आपल्या देशाच्या घटनेच्या २५ व्या कलमांतही सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीस दिलेलें आहे. जबरीनें वांकविलेला गुडघा देवास नको आहे. तो माणसाच्या मनाची वाट पाहतो.

हा विचार केवळ पुस्तकी नाहीं; त्यावर कित्येकांचें आयुष्य अवलंबून आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं खानदेशच्या शेजारींच येवलें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं धर्मांतराची घोषणा केली, व १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर खानदेशांतील असंख्य घरांनीं तोच मार्ग धरला. आपल्या कित्येक कुटुंबांचे आप्त त्या घरांत आहेत : एक भाऊ बुद्धवंदना म्हणतो, एक भाऊ मिस्सेस येतो, म्हातारी आजी अजून विठ्ठलाचें नांव घेते. दुसरीकडे १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपति-आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहींत. यामुळें कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म व हृदयांत दुसरा, अशी स्थिति उत्पन्न होते. अशा माणसास दांभिक म्हणणें सोपें आहे. पण ज्याच्या मुलाचें शिक्षण त्या एका शब्दावर अडलेलें आहे, त्याच्या रात्री कशा जातात, हें बोलणाऱ्यानें आधीं विचारावें. कागदावरून माणसाची श्रद्धा मोजणारा कारकून परका असतो. आपण तर एका ताटांतले आहों.

तसेंच मिश्रविवाहांचें. पूर्वीं अशा विवाहास धर्मग्रामांत फार कडक नजरेनें पाहिलें जाई. १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं मिश्रविवाहांचे नियम बदलले, व १९८३ च्या धर्मसंहितेंत ते कायम राहिले. आज परवानगी आवश्यक आहेच. कॅथॉलिक वधू वा वर आपली श्रद्धा जपण्याचें व मुलांचा स्नानसंस्कार करून त्यांस कॅथॉलिक श्रद्धेंत वाढविण्यासाठीं शक्य तें सर्व करण्याचें वचन देतो. दुसऱ्या पक्षाकडून मात्र वचन घेतलें जात नाहीं, त्यास या वचनाची केवळ माहिती दिली जाते. या भेदांत मोठें शहाणपण आहे. आपल्या माणसाच्या प्रामाणिकपणावर ख्रिस्तसभा विश्वास टाकते, आणि परक्याच्या मनावर हक्क सांगत नाहीं. लक्ष्मीबाईंना जीं पांच वर्षें लागलीं, तीं आपल्या घरीं आलेल्या सुनेस किंवा जांवयास लागलीं, किंवा साऱ्या जन्मांतही पुरीं झालीं नाहींत, तरी त्या घरांतील दिवा विझतो असें मानण्याचें कारण नाहीं.

तर मग, धर्मबांधवांनो, या ज्युबिलीच्या वर्षीं आपण काय करावें? मोठ्या सभा-संमेलनांची आवश्यकता नाहीं. आपल्या वाड्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना विचारावें कीं, आपलें घराणें ख्रिस्ताकडे कसें आलें, पहिल्यानें कोण आलें, कोण मागें राहिलें, व आलेल्यानें मागें राहिलेल्याशीं बोलणें ठेवलें कीं नाहीं. तीं उत्तरें लिहून ठेवावीं, कारण सांगणारीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. १९०३ सालापासून 'निरोप्या' मासिकानें मराठी कॅथॉलिकांचा निरोप घरोघर पोंचविला. आपल्या घराण्यांच्या या गोष्टीही तसाच एक निरोप आहेत, व तो पुढच्या पिढीस पोंचविणें आपल्या हातीं आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्या शेजाऱ्यास नांवानें हांक मारावी. शंका घेऊन आलेल्या तरुणास उत्तर ठाऊक नसेल तर निदान जागा द्यावी. कानबाईची आठवण काढणाऱ्या सुनेस दटावण्याऐवजीं तिच्या आईची विचारपूस करावी.

तापीच्या या खोऱ्यांत मुक्ताबाईची पालखी, फैजपूरची गादी, मोरवडची आरती, अमळनेरचा रथ व भुसावळची मिस्सा हीं सारीं एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर नांदलीं आहेत. ज्या भूमीनें एवढें सामावून घेतलें, तिच्या कुशींत वाढलेल्या धर्मग्रामाचें मन लहान असूं नये. नोंदवहींतील नांवें वाढोत, ही प्रार्थना आपण करतोंच. पण त्या नांवांमागील अंतःकरणें एकमेकांस ओळखूं लागोत, हीही प्रार्थना त्याच वेदीपुढें आपण करूं. अंतःकरणांचा खरा ताळेबंद ज्याच्यापाशीं आहे, त्या दयाघन पित्याच्या चरणीं, पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें, आम्ही हा लेख ठेवतों.